भावजींचं निळं फूल

माझे भावजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन त्यांच्याकडे पाठवतात आणि पुढचं सगळं भावजी करतात. ठशात प्लास्टर ओतायचं, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यांत एकेक दात उभा करायचा आणि शेवटी सगळं चाकावर घासून असं चकचकीत करायचं की घालणाऱ्याने आपण कधी बोळके होतो हेच विसरून जावं. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं भावजींच्या दातांनी हसतात. भावजी स्वतः मात्र वर्षातून एखाददा हसतात, आणि हे मी त्यांना ताईच्या लग्नापासून ऐकवत आले आहे. मेहुणीने नाही ऐकवायचं तर कुणी ऐकवायचं?

मी रंगांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा मुठीत धरून येतं, "अगदी अस्साच द्या" म्हणतं, आणि मी पांढऱ्या रंगात थेंब थेंब सोडत तसाच रंग जुळवून देते. त्यामुळे रंगाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकून घेत नाही. भावजीही घेत नाहीत. त्यांच्याकडे दातांची रंगपट्टी असते. धातूच्या पट्टीवर ओळीने खोचलेले सुटे दात, एका टोकाला अगदी पांढरा, दुसऱ्या टोकाला जन्मभर चहा प्यायलेला, आणि प्रत्येकाच्या मागे नंबर. डॉक्टरने पाठवलेल्या नमुन्याशेजारी ते एकेक दात धरतात, डोळे बारीक करतात, खिडकीकडे वळवतात, आणि पटला की फक्त एक शब्द बोलतात, "जमला." हा शब्द ते दुसऱ्या कशालाही वापरत नाहीत. ताईच्या स्वयंपाकालाही नाही.

"तुझं काम सोपं," ते मला म्हणायचे. "भिंत कधी आरशात बघत नाही."

अशा या मोजक्या बोलणाऱ्या माणसाला वेड लागलं ते कांद्यांचं. म्हणजे कंदांचं, पण सुरुवात खरोखर कांद्यापासूनच झाली. बोटीवर आयुष्य काढलेला एक स्वयंपाकी कवळी करून घ्यायला आला होता. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, कारण तो तसा रुबाबात चालतो, पण बोटीवर त्याने हातात घेतली ती फक्त पळी. डॉक्टरची चिठ्ठी शोधायला त्याने खिसे रिकामे केले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. भावजींनी ती भेट समजून आत पाठवली. ताईने सोलायला घेतली. कॅप्टन आत धावला तेव्हा सुरीचं पातं सालीत शिरलं होतं.

"वहिनी, तो कांदा नाही, फूल आहे ते. साता समुद्रापलीकडून आणलंय."

भावजींनी त्या कापाला गुलाबी मेण लावलं, कवळीच्या हिरडीला लावतात तेच, आणि कॅप्टनच्या सांगण्यावरून तो कंद कुंडीत मान बाहेर ठेवून लावला. पुढच्या वर्षी एकही पान नसताना मातीतून नुसता दांडा वर आला आणि त्याच्या टोकाला शेंदरी फुलांचा झुबका, प्रत्येक फुलातून बोटभर लांब पिवळे केसर खाली ओघळलेले. भावजी काम सोडून त्याच्यासमोर बसले. त्या दिवशी ते हसले, आणि मी साक्षीदार आहे.

त्यानंतर कामाच्या खोलीला लागलेली गॅलरी बघता बघता दक्षिण अमेरिका झाली. पेरूच्या डोंगरातले, चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावरचे, ब्राझीलच्या जंगलातले कंद कुणाकुणाकडून टपालाने यायचे. एकाला लाल लांबोळक्या घंटा आणि घंटांना हिरव्या कडा. एकाचं फूल पांढरं, मधे झालर लावलेली वाटी. तिकडे उन्हाळा तेव्हा इकडे हिवाळा, म्हणून नवा आलेला कंद पहिलं वर्षभर गोंधळलेला असायचा, सगळे फुलत असताना झोपायचा आणि सगळे झोपले की पानं काढायचा. काही तर महिनोन्महिने मातीखाली गडप. पाहुणे रिकाम्या कुंड्यांची ती रांग बघून ताईला हळू आवाजात विचारायचे, सगळी मेली का हो? "झोपलीत," ताई म्हणायची. "पाणी घालू नका, कुजतील."

भावजींची सगळी हत्यारं आता दोन्हीकडे चालत होती. दात बसवायच्या टोकदार सळईने ते कंदाची वाळकी साल सोडवायचे. दात घासायच्या मऊ ब्रशने पराग या फुलावरून त्या फुलावर न्यायचे. प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यात पाणी घेऊन त्यावर पातळ काळं बी तरंगत ठेवायचे, कारण या जातींचं बी पाण्यावरच चांगलं रुजतं. आणि डॉक्टर तोंडात घालतात तो छोटा गोल आरसा घेऊन रोज सकाळी पानांच्या बेचक्यात डोकावायचे, कळी आली का बघायला. मी म्हणायचे, "भावजी, आ करायला सांगा त्याला." ते म्हणायचे, "गप्प बस. तिसऱ्या पानाआड काहीतरी हललं."

या सगळ्यांत एक कुंडी वेगळी होती. तिच्यावर लाल मेणाची खूण होती आणि ती खूण कायम खिडकीकडे, कारण उजेडाची बाजू बदलली की हे झाड रुसतं, म्हणून कुंडी एवढीशीही फिरवायची नाही असा नियम होता. तिच्यातलं बी कॅप्टनने दिलेलं, टरबुजाच्या बीसारखं काळं पण मोठं. ब्राझीलमध्ये धबधब्याशेजारच्या सरळ कड्यावर ही जात उगवते, मातीत नाही, खडकाच्या भेगांत, अंगावर सतत तुषार. म्हणून भावजींनी कुंडीत माती घातलीच नव्हती, सगळी खडी आणि चुरा. पानं विळ्यासारखी एकाच बाजूला वळलेली. आणि फूल निळं. या घराण्यातलं दुसरं कुठलंही असं निळं नाही, कॅप्टन सांगायचा. त्याने एका बंदरातल्या बाईच्या परसात ते पाहिलं होतं आणि त्या दिवशी बोट त्याच्यामुळे उशिरा सुटली होती.

ताईच्या मुलीला शाळेत घातलं त्या वर्षी ते बी रुजलं. मुलगी शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात गेली, तरी कुंडीत पानंच. दुसरा कुणी असता तर कंटाळला असता. भावजी रोज सकाळी आरसा घेऊन डोकावत राहिले.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताईच्या मनात आलं की फूल येईल त्या दिवशी यांच्या अंगात त्याच रंगाचा स्वेटर हवा. मी दुकानातून निळ्या छटांची सगळी कार्डं नेली, कॅप्टन आला होता तेव्हा त्याच्यापुढे पत्त्यांसारखी पसरली आणि विचारलं, यांतला कुठला? तो बराच वेळ बघत बसला आणि एकावर बोट ठेवलं. आकाशीत किंचित जांभळं मिसळलेलं, फिकं, पण निळंच. ताई ते कार्ड घेऊन लोकरीच्या चार दुकानांत फिरली. अख्खा हिवाळा भावजींच्या पाठीमागे बसून तिने तो विणला. दिला तेव्हा भावजींनी उलटसुलट करून पाहिला, टाके मोजले, आणि म्हणाले, "वीण सुरेख आहे. पण राखाडी का घेतलीस? दुसरी लोकर नव्हती?"

ताईने तो त्यांच्या हातून काढून घेतला. स्वेटर घडी करून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला. मी मात्र भावजींना सोडलं नाही, चांगलं फैलावर घेतलं. बायको महिनोन्महिने विणते आणि या माणसाला थट्टा सुचते. ते म्हणाले, "थट्टा कुठे करतोय?" मला वाटलं, वर आणि साळसूदपणा. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्याच सुमारास अधूनमधून कवळ्या परत यायला लागल्या. रंग जमत नाही, अशा चिठ्ठ्या यायच्या. भावजींनी आधी दातांच्या कंपनीला नावं ठेवली, मग खोलीतली ट्यूब बदलली, मग दुसरी बदलली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी बोललेही, पण ते सगळं थट्टेवारीच गेलं.

आणि या उन्हाळ्यात एके सकाळी माझ्या दुकानातला फोन वाजला. "ये," एवढंच म्हणून भावजींनी ठेवून दिला. मी गिऱ्हाइकाचा डबा मशीनवर तसाच फिरत ठेवून निघाले. भावजींनी आरसा माझ्या हातात दिला. दोन पानांच्या मधे, अगदी आत, पोपटाच्या चोचीसारखं एक टोक वर येत होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. दांडा रोज वाढायचा आणि आम्ही सगळे वेडे व्हायचो. खालचा शिंपी मोजपट्टी घेऊन रोज वर यायचा. कॅप्टन आता दुसऱ्या गावी राहतो, गुडघे धरलेत, पण रोज सकाळी त्याचा फोन ठरलेला. "आज किती?" शिंप्याने माप सांगितलं की तो पलीकडून शीळ घालायचा. दांडा कमरेएवढा झाला, टोकाचं आवरण फाटलं आणि आत कळ्या दिसल्या. सहा. भावजी जेवण विसरले. ताई घास भरवायची तेवढी बाकी होती. मी दुकानात चुकून एका बाईला निळा डबा दिला, तिने पिवळा मागितला होता.

पहिली कळी उमलली त्या सकाळी ताईचा फोन आला. मी रंगाचा ॲप्रन तसाच घालून रस्ता ओलांडला, जिना चढले, खोलीत शिरले, आणि पाय जागीच थांबले. मी आयुष्यात हजारो डबे कालवले आहेत. हा निळा मी कधी कालवलेला नव्हता. पाकळीच्या बुडाशी जवळजवळ पांढरा, टोकाकडे गडद होत जाणारा, वर बारीक जांभळे ठिपके, आणि सगळ्या फुलाला आतून उजेड दिल्यासारखा. मला ओरडावंसं वाटत होतं. ताईचे डोळे भरले होते.

भावजी स्टुलावर बसले होते. हातात रंगपट्टी होती आणि तिच्यावरचा एक दात त्यांनी पाकळीला लावून धरला होता.

"खालून चौथा," ते म्हणाले. "फार तर पाचवा."

"काय चौथा?"

"हे निळं नाही. मळकट पांढरं आहे. दाताचा रंग आहे हा, फुलाचा नाही."

आम्ही दोघी हसलो. ते हसले नाहीत. उठले, फोनकडे गेले आणि आमच्यासमोर कॅप्टनला फोन लावला.

"फूल आलं," ते म्हणाले. पलीकडे कॅप्टन ओरडला असणार, कारण त्यांनी फोन कानापासून दूर धरला. "ऐक. पांढरं आहे. तू फसवलंस असं मी म्हणत नाही. पण तुला कुणीतरी फसवलं आणि तू न बघता ते माझ्या गळ्यात मारलंस. एवढी वर्षं." मग भावजींनी फोन खाली ठेवला. "ठेवला त्याने," ते म्हणाले. मग ताईला म्हणाले, "कुंडी शाळेत देऊन टाक. तिथे मुलं बघतील."

ताई आत गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. घासायला एकही भांडं नव्हतं, घासलेलीच परत घासत होती. मला इतका संताप आला की मी दुकानात परत जाऊन कॅप्टनने निवडलेलं ते कार्ड शोधून आणलं आणि पाकळीला लावलं. हुबेहूब. इतकं हुबेहूब की माझ्याच अंगावर काटा आला. कार्ड मी भावजींच्या नाकासमोर धरलं.

"हा रंग कुठला?"

"राखाडी," ते म्हणाले. "दोन्ही राखाडी."

आणि तिथे माझं डोकं थंड झालं. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांनी आपली खोली राखाडी म्हणून निळी रंगवून घेतली होती आणि मुलगा भांडायला आला तेव्हा तेही असंच शांतपणे म्हणाले होते, राखाडीच तर आहे. पुढे कळलं, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. माणसाला आपल्या डोळ्यांवर पिवळी काच चढलेली कळत नाही, कारण ती एका दिवसात चढत नाही. मला तो स्वेटर आठवला. परत आलेल्या कवळ्या आठवल्या. बदललेल्या ट्यूब आठवल्या.

पण हे भावजींना सांगणार कसं? रंग ओळखणं हेच ज्याचं पोट, त्याला तुम्हाला रंग दिसत नाही असं म्हणायचं म्हणजे त्याच्या हातातली भाकरी काढून घेण्यासारखं. सांगून ऐकणारा माणूसही नव्हता तो. मी काही न बोलता रंगपट्टीवरचे सगळे दात काढले, नंबर खाली करून टेबलावर पिसले आणि म्हटलं, "लावा बघू ओळीने. पांढऱ्यापासून."

"हे मी झोपेत लावीन."

"जागेपणी लावा."

त्यांनी पटापट लावले, वाजवीपेक्षा जास्तच पटापट, आणि माझ्याकडे बघत एकेक उलटवायला सुरुवात केली. पहिला बरोबर होता. दुसऱ्याच्या जागी पाचवा. मग तिसरा, मग सातवा, मग दुसरा. त्यांनी सगळे परत पिसले. खिडकीपाशी नेऊन लावले. उलटवले. परत लावले. तिसऱ्यांदा उलटवताना त्यांचा हात इतका सावकाश चालत होता की मलाच बघवेना.

मग ते कोपऱ्यातल्या डब्याकडे गेले. पोचवायच्या कवळ्या त्यात ठेवलेल्या असतात. एक काढली, दुसरी काढली, उजेडात धरली.

"किती लोक माझे चुकीचे दात घालून हिंडताहेत," ते म्हणाले. "आणि कुणी बोललं नाही."

"बोलले की. तुम्ही ट्यूब बदललीत."

ते खाली बसले. मला त्यांची इतकी दया आली की थट्टा करायचंही सुचेना. मग त्यांनी त्या फुलाकडे पाहिलं, आणि आवाज एकदम बदलला. "म्हणजे हे निळं आहे?"

"भावजी, इतकं निळं की मला त्याचा डबा कालवता येणार नाही."

"आणि मी त्याला..." ते फोनकडे बघत राहिले. फोन लावला. उचलला गेला नाही. परत लावला, परत तेच.

आता सगळा प्रश्न एकच होता. एकेक फूल चार-पाच दिवस टिकतं. सहा कळ्या, एकामागून एक उमलणार. सहावी सुकायच्या आत भावजींना डोळे मिळायला हवे होते. चुकलं तर परत कधी, ते त्या कंदालाच माहीत. मुलगी मोठी होईस्तोवर त्याने एकदा फूल दिलं होतं, आणि भावजी काही आता तरुण होणार नव्हते.

त्याच दुपारी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या आईच्या तोंडात भावजींचीच कवळी, जुनी, चांगल्या रंगाची. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलाय, आधी तोच करू, पुढच्या महिन्यात या. भावजी लगेच उठले. ऑपरेशन पुढे गेलं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी ओळखली. आयुष्यभर लोकांच्या जबड्यांशी खेळलेला माणूस स्वतः सुईला घाबरतो.

आणि तेव्हा माझी ताई, जिने कधी दुकानदाराशी घासाघीस केली नाही, ती खुर्चीत घट्ट बसून राहिली. "फूल पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही," ती म्हणाली.

"कुठलं फूल?"

ताईने सगळं सांगितलं. सुरीच्या कापापासून आजच्या सकाळपर्यंत. बाहेरचे पेशंट चुळबुळत होते. डॉक्टरीणबाई चष्मा काढून ऐकत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कळ्या किती उरल्यात?"

"पाच," मी म्हटलं.

त्यांनी वेळापत्रक उघडलं. एका आजोबांना खोकला धरला होता, त्यांचं पुढे ढकललं होतं. रिकामी झालेली ती जागा त्यांनी भावजींना दिली. मधे रक्त तपासायचं, साखर तपासायची, थेंब घालायचे. परत येताना भावजी वाटेत थांबले. "बिघडलं तर?" ते मला म्हणाले, ताईला ऐकू जाणार नाही असं. "आत्ता निदान आकार तरी दिसतात."

"बिघडलं तर मी तुमचे दात लावून देईन," मी म्हटलं. "पण मग कवळ्या भिंतीसारख्या दिसतील."

ते हसले. त्या वर्षीचं हसू तिथेच खर्च झालं.

मधल्या दिवसांत उन्हाने कहर केला. पहिलं फूल वेळेआधी मान टाकून बसलं, दुसरं त्याच्या मागोमाग. कळ्या मात्र घाईला आल्यासारख्या भराभर उमलत होत्या. हिशेब चुकायला लागला होता. कुंडी गार खोलीत हलवावी तर ती फिरवायची नाही. ताई दिवसभर पडदे ओढून, पाणी शिंपडून राखण करत होती आणि मी जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन बघून जायचे. ऑपरेशनच्या सकाळी शेवटची कळी उमलायला लागली. मी हॉस्पिटलात निघाले तेव्हा जिन्यातून दोनदा मागे फिरले, भावजींच्या डोळ्यासाठी जायचं की त्या कळीसाठी थांबायचं, मलाच कळेना.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना एक दिवस तिथेच ठेवलं. ताई त्यांच्याजवळ राहिली, मी फुलाजवळ. संध्याकाळी जिन्यावर कुणीतरी दमून दमून चढत असल्याचा आवाज आला आणि दारात कॅप्टन उभा राहिला. पिशवी हातात, टोपी डोक्यावर, चेहरा तांबडालाल.

"कुठाय तो? फोनवर ऐकून घेतलं. आता तोंडावर म्हणू दे."

मी बाजूला झाले. त्याला कुंडी दिसली. त्याने टोपी काढली, पिशवी सोडली आणि स्टुलावर बसला. बराच वेळ तो नुसता बघत होता. मी त्याला मोतीबिंदूचं सांगितलं, दातांचं सांगितलं, त्याने न उचललेल्या फोनचं सांगितलं.

"मूर्ख माणूस," तो शेवटी म्हणाला. "दोष स्वतःच्या डोळ्यात आणि खापर माझ्या डोक्यावर." मग त्याने नाक पुसलं आणि एकदम उठला. "हे फूल असं उकाड्यात का ठेवलंय? गोणपाट आहे का घरात?"

बोटीवर भाजी कशी टिकवायची हे तो जन्मभर करत आला होता. त्याने गोणपाट भिजवून कुंडीभोवती गुंडाळलं, दुसरं खिडकीला टांगलं, त्याच्यासमोर पंखा लावला, आणि कुंडी एवढीशीही न फिरवता सगळी खोली तळघरासारखी गार केली. दर थोड्या वेळाने उठून गोणपाट ओलं करत होता. गुडघ्यांची तक्रार एकदाही केली नाही.

सकाळी पाचवं फूल कोमेजलं होतं. सहावं मात्र ताठ होतं, पूर्ण उमललेलं.

भावजी जिना चढून आले ते काळा चष्मा लावून, ताईचा हात धरून. दारात कॅप्टनला बघून थबकले. कॅप्टनने स्टूल सरकवून वाट दिली. डॉक्टरीणबाईंनी घरात चष्मा काढायला हरकत नाही म्हटलं होतं. त्यांनी तो काढला, घडी केली, खिशात ठेवला. एवढा वेळ लावला की मला त्यांना ढकलावंसं वाटलं. मग त्यांनी वर बघितलं.

ते फुलासमोर उभे राहिले. नवीन डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुन्या डोळ्याने बघितलं. मग हात काढून जुन्यावर ठेवला. मग परत नव्यावर. लहान मुलासारखं त्यांचं ते झाकणं-उघडणं चाललं होतं, आणि मी, ताई, कॅप्टन तिघंही श्वास धरून उभे.

"यात ठिपके आहेत," ते म्हणाले.

"जांभळे," मी म्हटलं.

"दिसतात मला. सांगू नकोस." मग ते कॅप्टनकडे वळले. "तू खोटं बोलला नव्हतास."

"मी स्वयंपाकी आहे," कॅप्टन म्हणाला. "जेवण खारट करतो, बोलणं नाही."

"याचं बी धरलं तर पहिलं तुला."

"मग ब्रश घे लवकर. हे एकच उरलंय."

मला वाटलं आता ते ब्रश घेणार. त्यांनी घेतला नाही. ते ताईकडे बघत होते, अगदी निरखून, मेणातल्या हिरडीत शेवटचा दात बसवताना बघतात तसं.

"तो स्वेटर कुठाय?"

"कुठला?" ताई म्हणाली.

"निळा."

ताई आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग कपाटाचं वरचं दार. स्वेटर घेऊन ती आली तेव्हा त्यांनी तो घालायलाच घेतला. "डोक्यातून काही घालायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," ताई म्हणाली, आणि ते थांबले. मग त्यांनी एक बाही हातात घेतली आणि कुंडीकडे गेले. ती पाकळीशेजारी धरली. डोळे बारीक केले. खिडकीकडे थोडी वळवली, परत पाकळीला लावली. गोणपाटातून पाणी टपकत होतं.

"जमला," भावजी म्हणाले.

ताईने स्वेटर त्यांच्या हातून घेतला आणि व्यवस्थित घडी घातली. मग तो कपाटात न नेता त्यांच्या कामाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, रोजचे कपडे टाकतात तसा.